जानव्याला बांधलेला पेनड्राइव्ह

खेरभाऊ निवृत्त होताहेत म्हणून शाळा गौरव-अंक काढतेय, आणि मला निरोप आला, "सुमेधाबाई, तुमची भाषा छान आहे, भाऊंवर तुम्हीच लिहा." भाषा छान! आजवर स्टाफरूममध्ये याच भाषेला सगळे फटकळ म्हणायचे, ती आता एकदम छान झाली. बरं, लिहिते. मराठी शिकवून पोट भरते, तेव्हा लिहायला नाही म्हणता येत नाही. पण गोड लिहायला सांगू नका, ते मला जमत नाही. छापायची छाती असेल तर छापा, नाहीतर द्या चुलीत घालून.

दत्तात्रेय खेर म्हणजे आमच्या शाळेचे हेडक्लार्क. राहायला खालच्या आळीत, म्हणजे ब्राह्मणआळीत, आमच्यापासून चौथं घर. माणूस चोर नाही. आळशी नाही. शाळेच्या पैशाला कधी हात लावला नाही, कधी उशिरा आला नाही, कधी कुणाकडून फुकटचा चहासुद्धा प्याला नाही. हे सगळं खरं आहे आणि बाकीचे लेखक ते लिहितीलच. माझं म्हणणं एवढंच, की चोर असता तर एक वेळ परवडला असता. चोराला निदान ठाऊक असतं की आपण चोर आहोत.

अठ्ठ्याण्णव साली शाळेत पहिला कॉम्प्युटर आला. आमच्या मांडवीच्या किनाऱ्यावरच्या खाऱ्या वाऱ्यात खिडकीचे गजसुद्धा टिकत नाहीत, तिथे हे नाजूक प्रकरण कोण सांभाळणार, तर खेरभाऊ. त्यांना कोल्हापूरला आठवडाभर शिकायला पाठवलं. गेले तेव्हा क्लार्क होते, आले ते पुजारी होऊन. खोलीबाहेर चपला काढायच्या. आत मोठ्यानं बोलायचं नाही. कॉम्प्युटरला खणाचं आच्छादन, तेही घरी खेरवहिनींकडून शिवून घेतलेलं. खंडेनवमीला त्याची पूजा झाली तेव्हा भाऊंनी इतक्या भक्तीनं हळदकुंकू वाहिलं, की फ्लॉपी घालायच्या फटीतून कुंकू आत गेलं आणि दिवाळीपर्यंत कॉम्प्युटर बंद. कुणाची बिशाद नव्हती हसायची. मुलांना तर त्यांनी कधी हात लावू दिला नाही. आमच्या शाळेत कॉम्प्युटरचा तास व्हायचा तो फळ्यावर. भाऊ खडूनं कीबोर्ड काढायचे आणि मुलं तो वहीत उतरवून घ्यायची. हसू नका, तुमच्यातली निम्मी तेच शिकून गेलीत.

पुढे मशीन बदललं, फ्लॉप्या गेल्या, पेनड्राइव्ह आले. तोवर आम्ही बऱ्याच जणी घरी मार्क टाइप करू लागलो होतो, पण प्रिंटर एकच आणि तो भाऊंच्या खोलीत. म्हणजे प्रत्येकाला पेनड्राइव्ह घेऊन त्यांच्या दारात उभं राहणं आलं. दोन हजार पाच साली दुकानदारानं मशीनमध्ये अँटिव्हायरस घालून दिला, आणि काय सांगू, भाऊंना जन्मभर जो शब्द हवा होता तो सापडला. व्हायरस! आता बाहेरून येणारं सगळंच संशयास्पद ठरवायला त्यांना शास्त्राचा आधार मिळाला.

तो सोहळा बघण्यासारखा असायचा. तुम्ही उंबऱ्याबाहेर. भाऊ रुमालानं तुमचा पेनड्राइव्ह धरणार, मशीनला लावणार, तपासणी सुरू करणार. मशीन आधीच म्हातारं. अँटिव्हायरस आणि पेनड्राइव्ह यांची आत काय जुंपायची देव जाणे, पडदा थिजायचा, माउस हलायचा नाही. मग भाऊ घड्याळ बघायचे, 'च्च' करायचे आणि चालू तपासणीतच पेनड्राइव्ह उपसून हातात द्यायचे. "दूषित आहे. घरी न्या." घरी नेऊन लावावा तर तो उघडायलाच तयार नाही. अहो, असा ओढून काढल्यावर उघडेल कसा? चित्रकलेच्या बाळासरांचे स्नेहसंमेलनाचे सगळे फोटो असेच गेले. बाळासर बिचारे भाऊंचीच माफी मागून आले.

आणि त्यांचा स्वतःचा पेनड्राइव्ह? तो त्यांच्या जानव्याला बांधलेला असायचा. जुनी माणसं कपाटाची किल्ली बांधतात तसा. शाळेचं काम त्यात घालून घरी न्यायचे, घरचं इकडे आणायचे. लघुशंकेला निघाले की जानवं कानावर आणि कानाशी पेनड्राइव्ह लोंबतोय, हे दृश्य मी या डोळ्यांनी पाहिलंय. तो मात्र कधी तपासला जात नसे. शर्टाची दोन बटणं काढायची, वाकायचं आणि थेट मशीनला लावायचा. मी एकदा विचारलं, "भाऊ, याची तपासणी नाही?" तर म्हणाले, "सुमेधाबाई, हा अंगावरचा आहे. याला कुठला विटाळ?" आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं बघायचं वाकून, दुसरं काय.

त्या मशीनवर रोज सकाळी एक चौकट उघडायची. भाऊ तिच्या कोपऱ्यातल्या फुलीवर टिचकी मारून ती बंद करायचे, न वाचता. एकदा मी खांद्यावरून वाचली. अँटिव्हायरसची मुदत संपली आहे, नवे व्हायरस ओळखता येणार नाहीत, असं सरळ इंग्रजीत लिहिलेलं. मुदत संपून वर्ष होऊन गेलेलं. मी म्हटलं, "भाऊ, तुमचा पहारेकरी झोपलाय." त्यावर मलाच शिकवलं. "बाई, त्या जाहिराती असतात. आणि नवं करून घ्यायचं म्हणजे इंटरनेटची वायर जोडायची. म्हणजे घाणीला आपणच दार उघडायचं. माझ्या मशीनला आजतागायत बाहेरची वायर लागलेली नाही." हे त्यांनी अशा थाटात सांगितलं, की पुढे बोलण्यात अर्थ नव्हता. गाढवापुढे वाचली गीता म्हणतात ते हेच.

आता अक्षयाकडे येते. तिच्याशिवाय हा लेख मी लिहिलाच नसता.

अक्षया मयेकर. भाट्याची पोर, पुलापलीकडच्या मच्छीमार वस्तीतली. वडील गंगाराम बोटीवर होते, तिथे पाय मोडला आणि घरी बसले. आई कधीच गेलेली. घर हिच्या पगारावर. पाचवी ते सातवीला गणित आणि विज्ञान शिकवायची, आणि शिकवायची म्हणजे खरंच शिकवायची. मुलांना पुळणीवर, किनाऱ्याच्या वाळूत, नेऊन काठीनं वर्तुळं काढायला लावायची. तीन वर्षं हंगामी होती. जूनपासून तिला कायम करायचं ठरत आलं होतं. ते एकदा झालं की वडिलांना घेऊन नीट उपचाराला जाता येईल, एवढीच तिची आस होती. डब्याच्या वेळी रोज तेच. "बाई, होईल ना हो?" मी म्हणायची, "होईल गो, न व्हायला काय झालं?"

गेल्या वर्षीच्या एप्रिलची गोष्ट. निकाल तोंडावर आले आणि भाऊंच्या मशीनवरचा एकही फोल्डर उघडेना. टिचकी मारली की नुसतं भुर्रकन काहीतरी व्हायचं आणि आत रिकामं. पाचवीपासून नववीपर्यंतचे सगळे निकाल त्यात. भाऊंना घाम फुटला. बाजारातला मेकॅनिक आला आणि त्या लोकांकडे एकच औषध असतं, ते त्यानं दिलं. सगळं पुसून मशीन कोरं करून गेला. निकालाची तारीख पुढे गेली, पालक फाटकाशी येऊन ओरडले, शाळा समितीचे अध्यक्ष आप्पा आंब्याच्या भर सीझनमध्ये बाग सोडून धावत आले. कुणाचं तरी नाव सांगणं भाग होतं. भाऊंनी सांगितलं.

"शेवटचा पेनड्राइव्ह मयेकर बाईंचा लागला होता."

तिचा लाल पेनड्राइव्ह त्यांनी काढून घेऊन ड्रॉवरमध्ये ठेवला होता. मेकॅनिकनं तो आपल्या मशीनवर लावून बघितला, तर निघाला त्यात व्हायरस. निघणारच! भाऊंच्या मशीनला लागून आलेला तो. पण हे ऐकतो कोण? अक्षया म्हणाली, "भाऊ, तुमच्याकडे लावायच्या आधी तो घरी नीट चालत होता." भाऊ तिच्याकडे न बघता आप्पांना म्हणाले, "घरी म्हणजे कुठल्यातरी सायबर कॅफेत. ही मंडळी कुठे कुठे फिरवून आणतात, आपल्याला काय कळणार?"

ही मंडळी. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. भाट्याची म्हणून 'ही मंडळी', आणि खालच्या आळीचे म्हणून तुम्ही कोण? मी तिथेच बोलले. आप्पा म्हणाले, "बाई, शांत व्हा, मीटिंगमध्ये ठरवू." मी शाळा समितीवर शिक्षकांची प्रतिनिधी आहे, म्हणून मला गप्प बसवायला मीटिंगची तारीख पुरली. अक्षयाच्या कायम होण्याचा विषय त्याच मीटिंगला होता.

मीटिंगच्या आधीच्या रविवारी दुपारी मी अंगणात साटं, म्हणजे आंबापोळ्या, घालत होते. दोन्ही हात आंब्याच्या रसानं कोपरापर्यंत बरबटलेले. फाटक वाजलं. बघते तर खेरभाऊ, डोक्यावर रुमाल, रणरणत्या उन्हात. बसा म्हटलं तर बसेनात. पाऊस यंदा लवकर दिसतो म्हणाले. तुमच्या कलमाला बरा आंबा लागलाय म्हणाले. म्हटलं, भाऊ, ताकाला येऊन भांडं कशाला लपवता, काय ते बोला.

तेव्हा शर्टाची बटणं काढली आणि जानव्यावरून पेनड्राइव्ह सोडला. त्यांची मुलगी स्वानंदी अमेरिकेत असते. तिनं बाळाचे फोटो सीडीवर पाठवले होते. सीडीवर चरा पडला, पण त्याआधी भाऊंनी ते फोटो या पेनड्राइव्हवर घेतलेले. आता घरच्या कॉम्प्युटरवर तो फोल्डर उघडत नव्हता. "तुमची वहिनी दोन दिवस जेवलेली नाही," म्हणाले. "तुमच्याकडे नवीन अँटिव्हायरस आहे म्हणून ऐकलं." मी हात धुतले.

आमच्याकडचा अँटिव्हायरस खरोखरच जागा असतो, रोज रात्री ताजा होतो. पेनड्राइव्ह लावल्याबरोबर लाल चौकट आली. तोच व्हायरस. मेकॅनिकनं अक्षयाच्या पेनड्राइव्हवर जे नाव वाचून दाखवलं होतं, अक्षराअक्षरानं तेच. आदल्या वर्षी भाऊंच्या मशीनला लावून आणलेल्या पेनड्राइव्हमधून आमच्याकडेही तो शिरला होता, त्यामुळे त्याची खोडी मला माहीत होती. तो काही खात नाही. खरे फोल्डर लपवतो आणि त्याच नावाचे खोटे समोर मांडतो. खोट्यावर टिचकी मारली की पसरतो. मी काहीही न पुसता लपलेलं दाखवायची खूण केली, आणि फिकट रंगात एकेक फोल्डर वर आला. म्हणजे एप्रिलमध्ये निकालसुद्धा गेलेच नव्हते. तिथेच होते, लपलेले. आम्ही ते मेकॅनिकच्या हातून पुसून घेतले.

स्वानंदीचा फोल्डर उघडला. गोरं गोबरं बाळ, टोपडं घातलेलं. खेरभाऊ खुर्चीच्या पाठीला धरून उभे होते. चष्मा काढला, पुसला, परत घातला. "नाक आमच्याकडचं आहे," म्हणाले.  खोटं कशाला बोलू, मीही ते नाक दोनदा बघितलं. सगळे फोटो मी त्यांना नव्या सीडीवर घालून दिले.

मग म्हटलं, "भाऊ, ही चौकट वाचलीत?"

"वाचली."

"हा मयेकर बाईंचा नव्हे. तुमचा आहे. तुमच्याकडून सगळीकडे गेला. बाळासरांकडे, माझ्याकडे, तिच्याकडे. उद्या मीटिंगमध्ये तुम्ही सांगा."

भाऊ पुढे वाकले. पेनड्राइव्ह ओढून काढला, जानव्याला गाठ मारली, बटणं लावली. मग इतक्या सरळ आवाजात बोलले, की मला तो आवाज अजून ऐकू येतो.

"सुमेधाबाई, माझं एक वर्ष उरलंय. इतक्या वर्षांचं नाव आहे. तिचं काय, तिला अख्खं आयुष्य पडलंय."

मी म्हटलं, "तुम्ही नाही सांगितलंत तर मी सांगेन." ते फाटकापर्यंत गेले आणि तिथून वळून सीडीबद्दल आभार मानले.

दुसऱ्या दिवशी मीटिंग. अक्षया बाहेर बाकावर बसलेली, नवी साडी नेसून आली होती. आत आप्पा, समितीची मंडळी, खेरभाऊ टिपण घ्यायला. विषय निघाला. मी भाऊंकडे बघितलं. ते लिहीत होते. परत बघितलं. मान वर नाही. मग मी उठले आणि सगळं सांगितलं. साटं घालण्यापासून चौकटीपर्यंत, एक शब्द गाळला नाही. शेवटी म्हटलं, "माझ्या शब्दावर जाऊ नका. आता, इथल्या इथे, भाऊंचा पेनड्राइव्ह कुठल्याही चांगल्या मशीनवर लावा. दोन मिनिटांत खरं-खोटं होईल."

आप्पांनी भाऊंकडे बघितलं. भाऊ उठले. हात शर्टावरून छातीशी नेला, तिथेच धरला.

"आप्पा, माझी काही हरकत नाही," ते म्हणाले. "पण तो जानव्याला आहे. मुंज झाल्यापासून या जानव्याला परक्याचा हात लागलेला नाही. आज चार लोकांसमोर माझं जानवं तपासायचं असेल, तर तसा ठराव करा. मी उतरवून देतो."

संपलं. अहो, गाठ सोडली की पेनड्राइव्ह निघतो, जानवं कोण मागतंय? आदल्या दिवशी माझ्या घरात स्वतःच्या हातानं सोडला होता की! मी हे ओरडून सांगितलं. पण कुणी ऐकत नव्हतं. आप्पा अर्धे उठून दोन्ही हात हलवत होते, "छे छे, भाऊ, भलतंच काय! बसा तुम्ही." कुणी छताकडे बघत होतं, कुणी चहाच्या कपात. अळीमिळी गुपचिळी. कुणीतरी हळूच म्हणालं, "सुमेधाबाई, आपल्यातल्याच माणसाला असं..." कोण म्हणालं ते मला माहीत आहे आणि त्यालाही माहीत आहे. 'आपल्यातला' म्हणजे काय, तेही बाहेर बाकावर ऐकू गेलं असेल, दार उघडंच होतं.

चोर सोडून संन्याशाला फाशी. मयेकर बाईंना कायम न करता जूनपासून थांबवावं, असा ठराव झाला. माझा विरोध नोंदवा म्हटलं. भाऊंनी तो नोंदवला, शुद्धलेखनाची एकही चूक न करता.

अक्षयाला आत बोलावून आप्पांनी सांगितलं. ती रडली नाही. "माझा पेनड्राइव्ह द्या," एवढंच म्हणाली. भाऊंनी ड्रॉवर उघडला, रुमालानं धरून तो टेबलाच्या कडेला ठेवला. तिच्या हातात दिला नाही. तिनं त्या रुमालाकडे बघितलं. मग पेनड्राइव्ह उचलला, बाहेर येऊन माझ्या हातात ठेवला आणि म्हणाली, "तुम्हीच ठेवा, बाई. मला आता तो हातात धरवत नाही." तिथून भाट्याच्या पुलापर्यंत मी तिच्याबरोबर चालत गेले.  

ती आता लांज्याला एका दुकानात मोबाइलचे रिचार्ज विकते. वर्गात परत उभी राहिलेली नाही. दोन शाळांत विचारलं होतं. आधीची शाळा का सोडली, असं विचारतात, आणि खरं सांगितलं तर पुढचं बोलणंच होत नाही. गंगारामांचा पाय आहे तसाच आहे. अख्खं आयुष्य पडलंय म्हणतात ते हे.

आणि खेरभाऊंचा सत्कार आहे. शाल, श्रीफळ, आणि आप्पांच्या डोक्यातून निघालेली चांदीची डबी, तिच्यात नवा पेनड्राइव्ह. द्या. त्यांचं नाव राखलं गेलं, वर्ष पुरं झालं. भाऊ, हे वाचत असाल तर सांगते, तुमच्या नातवाचं नाक खरंच तुमच्यावर गेलंय. बाकी काही न जावो.

लेख टाइप करून पेनड्राइव्हवर द्या, असं संपादक मंडळानं कळवलंय. देतेय. लाल रंगाचा आहे. अक्षयाचाच आहे तो. मी तो साफ केला, दोनदा तपासला, आत या लेखाशिवाय काही नाही. तेव्हा तो रुमालानं धरायची गरज नाही. फक्त ऑफिसच्या मशीनला लावायच्या आधी मशीन तपासून घ्या.